ॲट उतई, इन उतई: इंग्रजीत जागा सांगण्याची रीत

छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या दक्षिणेला, उतई नावाचे गाव आहे. तिथे आता नगर पंचायत आहे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे या लहानशा गावाचे नाव देशभरातल्या जवानांच्या तोंडी असते. उतई, भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, रायपूर या साऱ्या पट्ट्यात मराठी कुटुंबे बऱ्याच काळापासून राहतात. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत काही आली. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली करार होऊन भिलाईला पोलाद कारखाना उभा राहिला, तेव्हा नोकरीच्या निमित्ताने आणखी आली. या घरांतली मुले घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी आणि गल्लीत छत्तीसगढी बोलत वाढतात. तीन-तीन भाषा सहज बोलणारी हीच मुले इंग्रजीत अर्ज लिहायला बसली की पहिल्या ओळीवर थबकतात. 'आय लिव्ह इन उतई' लिहायचे, की 'आय लिव्ह ॲट उतई'?

शाळेत याचे उत्तर एका नियमात मिळते. देश आणि मोठी शहरे यांना 'इन', लहान गावे आणि खेडी यांना 'ॲट'. भारतातल्या कित्येक पिढ्या ज्या पुस्तकावर इंग्रजी व्याकरण शिकल्या, त्या रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकातही हा नियम आहे. त्यातले पी. सी. रेन हे जुन्या मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले गृहस्थ. त्यांचा नियम खोटा नाही, पण अपुरा आहे. उतई लहान म्हणून 'ॲट उतई' बरोबर, हे मान्य. पण उतईत जन्मलेली, तिथल्या गल्ल्या आणि तिथला बाजार ओळखणारी मुलगी 'आय ग्रू अप इन उतई' म्हणते, तेही तितकेच शुद्ध आहे. उलट, नागपूर केवढे मोठे शहर! तरी गाडीबद्दल बोलताना 'द ट्रेन स्टॉप्स ॲट नागपूर' असेच म्हणतात. म्हणजे गाव मोठे की लहान यावर हे ठरत नाही. बोलणारा त्या क्षणी त्या जागेकडे कसा पाहतो, यावर ठरते.

ठिपका, आवार आणि रेषा

'ॲट', 'इन' आणि 'ऑन' या तीन शब्दांमागे जागेची तीन चित्रे आहेत. 'ॲट' म्हणणारा जागेला ठिपका समजतो. आत काय आहे, किती पसरले आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. अमुक गोष्ट कुठल्या ठिकाणी घडली एवढेच त्याला सांगायचे असते. 'इन' म्हणणाऱ्याला जागेची हद्द दिसते आणि त्या हद्दीच्या आत कोणीतरी किंवा काहीतरी असते. 'ऑन' म्हणणाऱ्याला पृष्ठभाग दिसतो, नाहीतर रेषा दिसते, आणि वस्तू त्याला टेकलेली किंवा लागून असते.

दुर्ग शहराचेच उदाहरण घेऊ. 'द ट्रेन स्टॉप्स ॲट दुर्ग': इथे दुर्ग हा गाडीच्या वाटेवरचा एक ठिपका. 'माय अंकल लिव्ज इन दुर्ग': इथे दुर्ग म्हणजे हद्द असलेले शहर आणि काका त्या हद्दीच्या आत. 'दुर्ग इज ऑन द मुंबई–हावडा लाइन': इथे रेल्वेची लाइन ही रेषा आणि शहर त्या रेषेला लागून. 'दुर्ग स्टँड्स ऑन द शिवनाथ': इथे शिवनाथ नदी ही रेषा. दुर्ग तेच, पण दर वेळी पाहण्याची जागा बदलली आणि तिच्याबरोबर शब्दही बदलला.

शेवटच्या वाक्याशी मराठी माणूस अडखळतो. शहर नदीवर कसे असेल? आपण 'नदीकाठी' म्हणतो. इंग्रजीत मात्र नदी, समुद्रकिनारा, सरहद्द, हमरस्ता या साऱ्या रेषा मानल्या जातात, आणि रेषेला लागून जे असेल ते 'ऑन'. संस्कृत शास्त्रकारांनीही अशाच एका प्रयोगावर पुष्कळ विचार केला आहे. गवळ्यांची वस्ती गंगेत आहे असे कोणी म्हणाले, तर ऐकणारा ती पाण्यात बुडालेली समजत नाही, काठावर आहे हे त्याला कळते. असे का होते, हे समजावण्यासाठी त्यांनी लक्षणेची चर्चा केली. जागा सांगणारा शब्द शब्दशः घ्यायचा नसतो, ही जाण आपल्या परंपरेत फार जुनी आहे.

घरी आणि घरात

ही तीन चित्रे मराठी माणसाला नवी वाटायचे कारण नाही. आपण ती रोज वापरतो, फक्त त्यांची वाटणी वेगळी असते.

भिलाईतल्या माणसाला नागपूरचा नातेवाईक विचारतो, "सध्या कुठे असता?" उत्तर येते, "भिलाईला." विचारणारा भिलाई ओळखणारा असला तर पुढे विचारतो, "भिलाईत कुठे?" पहिल्या उत्तरात भिलाई हा ठिपका आहे, म्हणून 'ला' आला. दुसऱ्या प्रश्नात विचारणारा गावाच्या आत शिरला, म्हणून 'त' आला. इंग्रजीत 'ॲट' आणि 'इन' यांच्यात जो फरक आहे, त्याच्या अगदी जवळचा हा फरक आहे. 'ला' हा प्रत्यय शाळेच्या पुस्तकात द्वितीया-चतुर्थीच्या रकान्यात असतो, म्हणून तो जागाही सांगतो हे आपल्या ध्यानात राहत नाही.

'घरी' आणि 'घरात' हे शब्द आणखी बोलके आहेत. 'बाबा घरी आहेत' म्हणजे बाहेर गेलेले नाहीत, भेटतील. कदाचित अंगणात खुर्ची टाकून बसले असतील. 'बाबा घरात आहेत' म्हणजे चार भिंतींच्या आत आहेत. पहिल्यासाठी इंग्रजीत 'ॲट होम', दुसऱ्यासाठी 'इन द हाउस'. हिंदीतही 'घर पर' आणि 'घर में' असा हाच फरक आहे. मराठीत सप्तमीचे प्रत्यय त, ई आणि आ. त्यांतला 'ई' आता घरी, दारी, काठी, गावी, शेजारी अशा मोजक्या शब्दांत उरला आहे, पण त्याने दाखवलेली जागा बहुतेक वेळा 'ॲट'च्या जवळची असते. 'दारी उभा' म्हणजे 'ॲट द डोअर'.

छत्तीसगढीत 'मा' हा एकच प्रत्यय हिंदीतल्या 'में' आणि 'पर' या दोहोंचे काम पुष्कळदा करतो. खाटेवर बसलेल्यालाही 'मा' आणि घरात असलेल्यालाही 'मा'. अर्थ ऐकणाऱ्याला कळतो, कारण खाट म्हटली की माणूस तिच्यावरच बसणार. जागा सांगताना किती फरक शब्दांत दाखवायचा आणि किती ऐकणाऱ्याच्या समजुतीवर सोडायचा, हे प्रत्येक भाषा आपल्यापुरते ठरवते.

नदीवर गेलेला माणूस

मराठी माणसाच्या इंग्रजीत पुष्कळ चुका 'वर' मुळे होतात. 'वर' म्हणजे 'ऑन' असे लहानपणी पाठ केलेले असते आणि मग 'स्टेशनवर' चे 'ऑन द स्टेशन' होते, 'स्टॉपवर' चे 'ऑन द स्टॉप' होते.

पण मराठीतला 'वर' नेहमी पृष्ठभाग दाखवत नाही. विहिरीवर बायका पाणी भरत होत्या, नळावर भांडण झाले, नाक्यावर भेटू, गिरणीवर दळण टाकून ये, तो दुकानावर बसतो, ती कामावर गेली. या वाक्यांत कोणी विहिरीच्या डोक्यावर उभे नाही, गिरणीच्या छपरावरही चढलेले नाही. इथे 'वर' चा अर्थ आहे 'जिथे ते काम चालते त्या ठिकाणी'. नेमके हेच काम इंग्रजीत 'ॲट' करतो. म्हणून 'ॲट द वेल', 'ॲट द टॅप', 'ॲट द मिल', 'ॲट वर्क', 'ॲट द स्टेशन', 'ॲट द एअरपोर्ट', 'ॲट द बस स्टॉप'. 'वर' चा अर्थ खरोखर पृष्ठभाग असेल, म्हणजे टेबलावर पुस्तक, भिंतीवर घड्याळ, छतावर पाल असे असेल, तर 'ऑन'. स्टेशनातल्या फलाटावर उभा असलेला माणूसही 'ऑन द प्लॅटफॉर्म' असतो, कारण फलाट हा पाय टेकायचा पृष्ठभाग आहे.

नदीच्या बाबतीत हा फरक जिवावरचा ठरू शकतो. आई सांगते, "दादा नदीवर गेलाय." म्हणजे आंघोळीला, कपडे धुवायला, नाहीतर मासे धरायला गेला असेल. याचे इंग्रजी 'ही इज ॲट द रिव्हर'. त्याऐवजी 'ही इज ऑन द रिव्हर' म्हटले, तर ऐकणाऱ्याला तो नावेत बसलेला दिसतो. आणि 'ही इज इन द रिव्हर' म्हटले तर तो पाण्यात आहे. संकटाच्या वेळी फोनवर हे वाक्य ऐकणारा लगेच बचावाला माणसे धाडील. त्या एका शब्दावर माणूस काठावर, नावेत किंवा पाण्यात असल्याचे ठरते.

उलट्या बाजूनेही फसगत होते. 'शेतावर' हा शब्द शेतीच्या साऱ्या पसाऱ्याला लागतो, आणि तिथे योगायोगाने इंग्रजीतही 'ऑन द फार्म' चालते. पण पिकात उभा असलेला माणूस 'इन द फील्ड'. 'ड्युटीवर' चे 'ऑन ड्यूटी' आणि 'फोनवर' चे 'ऑन द फोन' बरोबर जुळते. 'टेबलावर जेवायला बसा' चे मात्र 'सिट ॲट द टेबल', कारण टेबलावर ताट असते आणि माणूस टेबलाशी असतो. मराठीत 'टेबलाशी' हा शब्द आहेच. इंग्रजी लिहिण्यापूर्वी तो आठवला तर 'ॲट' आपोआप सुचतो.

झाडावरचा पोपट, बोटातली अंगठी

आंब्याच्या झाडावर पोपट बसला आहे आणि त्याच झाडावर कैऱ्या लागल्या आहेत. मराठीत दोन्ही 'झाडावर'. इंग्रजीत पोपट 'इन द ट्री' आणि कैऱ्या 'ऑन द ट्री'. का? पोपट फांद्यांच्या आणि पानांच्या पसाऱ्याच्या आत आहे, पर्णसंभाराने त्याला चहूकडून घेरले आहे. कैरी देठाने फांदीला जडलेली आहे. घेरलेले असेल तर 'इन', जडलेले असेल तर 'ऑन'.

अंगावरच्या वस्तूंचे याहून वेगळे आहे. मराठीत बोटात अंगठी, हातात बांगड्या, पायात चपला, अंगात सदरा. इंग्रजीत या साऱ्यांना 'ऑन': 'रिंग ऑन द फिंगर', 'बँगल्स ऑन द आर्म', 'शूज ऑन द फीट'. इंग्रजीला दिसते ती कातडीला टेकलेली वस्तू. मराठीला दिसते ती अंगाशी घट्ट बसलेली वस्तू, आणि अशा घट्ट बसण्याला आपण 'त' लावतो. कपाळावर कुंकू नुसते टेकलेले असते, म्हणून तिथे आपणही 'वर' म्हणतो आणि इंग्रजीतही 'ऑन द फोरहेड'. नाकातल्या नथीला मात्र खरोखरच भोक लागते, म्हणून तिथे इंग्रजीही 'इन' म्हणते.

संस्कृत व्याकरणातही आधाराच्या अशा प्रकारांचा विचार झाला आहे. पाणिनीने क्रियेच्या आधाराला अधिकरण म्हटले. पुढच्या वैयाकरणांनी त्याचे तीन प्रकार केले. चटईवर बसलेल्या माणसासारखा नुसता स्पर्शाचा आधार तो औपश्लेषिक, तिळात भरून राहिलेल्या तेलासारखा तो अभिव्यापक, आणि मोक्षात असलेल्या इच्छेसारखा मनाचा विषय झालेला तो वैषयिक. संस्कृतात तिघांनाही सप्तमीच लागते, तरी आतला फरक त्या विद्वानांनी टिपला. मराठी आणि इंग्रजीत स्पर्श आणि व्याप्ती यांना बहुधा वेगवेगळे शब्द मिळाले आहेत. वाटणीच्या रेषा मात्र दोन्हीकडे निराळ्या जागी पडल्या आहेत.

बस, गाडी आणि दवाखाना

'बसमध्ये' ला इंग्रजीत 'ऑन द बस' का म्हणतात, हा प्रश्न दर वर्षी वर्गात निघतो. ज्या वाहनात उभे राहून चालता येते आणि जे ठरलेल्या मार्गाने जाते, त्या बस, ट्रेन, विमान, जहाज यांना 'ऑन'. ज्यात वाकून शिरायचे आणि बसूनच राहायचे, त्या कार, टॅक्सी, ऑटो यांना 'इन'. स्कूटर आणि सायकल यांना अर्थातच 'ऑन'. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी यातली एक बारकाई दाखवली. बस मार्गावर असेल, म्हणजे प्रवासी घेऊन जात असेल, तरच 'ऑन द बस' शोभते. भंगारात पडलेल्या बसमध्ये मुले खेळत असतील तर ती 'इन द बस'. प्रवास संपला की बस ही नुसती पेटी उरते.

काम आणि जागा यांचा संबंध दवाखान्याच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. भिलाईच्या सेक्टर ९ मध्ये पोलाद कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे. "तो सेक्टर नाइनला आहे" असे तिथे कोणी म्हणाले, तर तो दाखल झाला की भेटायला गेला, हे विचारावेच लागते. ब्रिटिश इंग्रजीत 'ही इज इन हॉस्पिटल' म्हणजे तो रुग्ण म्हणून दाखल आहे. 'ही इज ॲट द हॉस्पिटल' म्हणजे तो त्या ठिकाणी आहे; कदाचित डबा द्यायला गेला असेल, कदाचित तिथे नोकरी करत असेल. दूरच्या नातेवाइकाला इंग्रजीत संदेश पाठवताना या दोहोंची गल्लत झाली, तर पलीकडच्या घरात विनाकारण घबराट होते.

पत्ता लिहिताना

भिलाईच्या पोलादनगरीचा पत्ता या तीन शब्दांचा उत्तम धडा आहे. तिथे पत्ता क्वार्टर, स्ट्रीट आणि सेक्टर अशा पायऱ्यांनी सांगतात. उदाहरणादाखल वाक्य करायचे तर 'वी लिव्ह ॲट क्वार्टर नंबर ४-बी, ऑन स्ट्रीट १२, इन सेक्टर ७'. घराचा क्रमांक म्हणजे ठिपका, रस्ता म्हणजे रेषा, सेक्टर म्हणजे हद्द. रस्त्याच्या बाबतीत ब्रिटिश इंग्रजीत 'इन द स्ट्रीट'ही म्हणतात, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या घरांमधली बोळासारखी जागा डोळ्यांपुढे असते; अमेरिकेत 'ऑन द स्ट्रीट'. आपण कुठलेही एक धरावे आणि एका पत्रात तेच सांभाळावे.

महाराष्ट्रात 'मुक्काम पोस्ट' चे इंग्रजीत 'ॲट पोस्ट' झाले आहे. पत्त्याच्या चौकटीत ते चालते, आपल्या टपालवाल्यांना ते कळते. पण वाक्य लिहिताना ते ओढून आणू नये. तिथे 'ॲट उतई, इन दुर्ग डिस्ट्रिक्ट' पुरते. ठिपका आधी, त्याला वेढणारी हद्द नंतर. आपला पिनकोड मात्र उलट, मोठ्या हद्दीकडून ठिपक्याकडे येतो. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या मराठी अधिकाऱ्याने तो आखला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. त्यातला पहिला आकडा देशाचा मोठा विभाग दाखवतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ यांचा विभाग ४, म्हणून नागपूरचा पिनकोडही चारने सुरू होतो आणि भिलाईचाही. त्यापुढचे आकडे जागा लहान लहान करत शेवटी एका टपाल कचेरीपाशी आणतात.

दिशा सांगतानाही हद्दच पाहायची. मराठीत सरसकट 'दक्षिणेला' चालते. इंग्रजीत बस्तर 'इन द साउथ ऑफ छत्तीसगढ', कारण ते राज्याच्या आत आहे. उतई 'टू द साउथ ऑफ भिलाई', कारण ते भिलाईच्या बाहेर, त्या दिशेला आहे. आणि महाराष्ट्राची सीमा छत्तीसगढला पश्चिमेकडून भिडते, म्हणून तिथे 'ऑन द वेस्ट'. आत असेल तर 'इन', बाहेर असेल तर 'टू', लागून असेल तर 'ऑन'.

चूक बुद्धीची नाही

जागेचे शब्द सर्व भाषांत सारखे नसतात, हे संशोधकांनी नीट तपासले आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या मॅक्स प्लांक संस्थेत मेलिसा बोवरमन आणि एरिक पेडरसन यांनी ७१ चित्रांचा संच तयार केला. टेबलावरचा पेला, वाडग्यातले फळ, बोटातली अंगठी अशी ती साधी चित्रे. निरनिराळ्या भाषांच्या लोकांना ती दाखवून 'हे कुठे आहे?' एवढेच विचारायचे. उत्तरांत प्रत्येक भाषेने ती चित्रे वेगळ्या गटांत विभागली. स्पॅनिशमध्ये 'इन' आणि 'ऑन' दोहोंसाठी पुष्कळदा एकच शब्द पुरतो. डच भाषेत 'ऑन'चेच दोन भाग होतात, टेकलेल्याला एक शब्द आणि टांगलेल्याला दुसरा.

म्हणून 'ऑन द स्टेशन' लिहिणारा मुलगा मंद नसतो. त्याची मराठी त्याला जे बरोबर सांगते, ते तो इमानाने इंग्रजीत नेतो. त्याला नुसते लाल शाईने खोडून 'ॲट' लिहून दिले, तर पुढच्या वेळी तो माणूस 'ॲट द टेबल' बसवील आणि पुस्तकही 'ॲट द टेबल' ठेवील. त्याला आधी विचारले पाहिजे की तुझ्या 'वर' चा अर्थ काय, काम चालते ते ठिकाण की पाय टेकायची जागा? हा प्रश्न मराठीतच विचारता येतो आणि मराठीतच सुटतो. 'ला' आणि 'त', 'घरी' आणि 'घरात', 'टेबलावर' आणि 'टेबलाशी' या जोड्या ज्या मुलाने नीट पाहिल्या, त्याला इंग्रजीतली निम्मी वाट आधीच ठाऊक असते. उरलेली निम्मी, 'इन द फोटो', 'ऑन द लेफ्ट', 'ॲट द टॉप' अशी रूढीने ठरलेली, वाचनातून आणि ऐकण्यातून अंगवळणी पडते. तिला दुसरा उपाय नाही.

शिक्षकांनी आणि पालकांनी यासाठी लंडनच्या रस्त्यांची उदाहरणे शोधत बसू नये. मुलाला त्याच्याच गावाबद्दल, त्याच्याच घराबद्दल पाच वाक्ये लिहायला सांगावी, आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारावे की इथे तुला ठिपका दिसतो, हद्द दिसते, की रेषा. जागा डोळ्यांपुढे स्पष्ट असली की शब्द चुकण्याची शक्यता फार कमी होते, आणि चुकला तरी तो का चुकला हे मुलाला स्वतःच शोधता येते.